बटणवाली बाई

शुक्रवारी दुपारी थोरला मुलगा आणि थोरली सून दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मास्तर टेबलाशी उभे राहून बारा थरांचं कापड कापत होते. कात्री कापडात असताना ते मान वर करत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वळण संपलं, बाही सुटी झाली, मग ते म्हणाले, "या. बसायला जागा सापडली तर बसा."

जागा कुठून सापडणार? सोमवारी शाळा उघडणार होती आणि रविवारी संध्याकाळपर्यंत शेवटचे दीडशे शर्ट दुकानात पोचायला हवे होते. पुढच्या खोलीत शर्ट, मागच्या खोलीत स्कर्ट, पलंगावर हाफपँटी. पाण्याच्या पिंपाच्या झाकणावरसुद्धा कॉलरांचा गठ्ठा. दर वर्षी हे सहा आठवडे घर असंच असायचं, आणि उरलेलं वर्ष या सहा आठवड्यांवर उभं असायचं. माल एकदा उशिरा गेला की दुकानदार पुढच्या वर्षी दुसरं घर बघणार, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

"दादा, तू?" धाकटा मशीनवरून म्हणाला. पाय थांबवले नाहीत. "या दिवसांत?"

"का, येऊ नये?"

"ये की. पण गणवेशाच्या दिवसांत तू वाट चुकूनही इकडे येत नाहीस, म्हणून विचारलं."

"मी बोलावलं ताईंना," आतून धाकटी सून म्हणाली.

मशीन थांबलं. मशीन थांबलं की त्या घरात सगळ्यांनाच कानाला काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं.

"कशाला?"

"तुम्ही उद्या शाळेत जाऊन पोरीचं नाव काढणार आहात म्हणून."

पोर तिथेच होती. बारकी. दोन गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत पाय दुमडून बसली होती आणि शर्टाला बटणं लावत होती. बारा वर्षांची, अंगाने खरंच बारकी. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिला कळत होतं, पण हात चालूच होता. सुई खाली, सुई वर, दोऱ्याचे चार वेढे, गाठ, दातांनी दोरा तट्‌. पुढचं बटण.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. त्यांचं स्वतःचं शिक्षण दुसरीपर्यंत. कापणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात म्हणून ते मास्तर. त्यांच्या बायकोने तर शाळेची पायरीही पाहिली नव्हती, तरी गल्लीने तिला मास्तरीण करून टाकलं होतं. ती जाऊन दहा महिने झाले होते. तिच्याशिवायचा हा पहिलाच गणवेशाचा हंगाम. अशा भांडणात पहिला शब्द तिचा असायचा. आज थोरल्याने हात पुढे केला.

"शाळेची चिठ्ठी बघू."

धाकटीने चिठ्ठी दिली. मुख्याध्यापिकाबाईंनी थोडक्यात लिहिलं होतं. सातवीत दोन विषयांत नापास. मुलीला पुन्हा त्याच वर्गात बसावं लागेल. नाव ठेवायचं की दाखला न्यायचा, ते पालकांनी शनिवारी येऊन सांगावं.

थोरल्याने ती दोनदा वाचली. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत साहेब होता आणि कागद दोनदा वाचायची त्याला सवय होती.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "कुणी रागावू नका. सगळ्यांचंच डोकं अभ्यासाला नसतं. पोरीच्या हातात कला आहे. उगीच पुन्हा त्याच बाकावर बसवून तिची फजिती कशाला?"

"तेच तर मी म्हणतोय," धाकटा म्हणाला.

"अहो!" थोरली नवऱ्याला म्हणाली. "आपण यासाठी आलो का?"

"मी काय चुकीचं बोललो? मीही याच घरातून शिकलो ना? हीच दोन खोल्यांची जागा. हाच दिवा. याच मशीनच्या खडखडाटात अभ्यास केला. मला कुणी वेगळी खोली दिली नव्हती. जिद्द असली की होतं."

थोरल्याच्या बोलण्यात गर्व नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. मास्तरांना हे वाक्य ओळखीचं होतं. थोरला ते त्याच्या कचेरीत बोलायचा, शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून गेला की बोलायचा, स्वतःच्या मुलाला रागावताना बोलायचा. घरात ते निघालं की दर वेळी मास्तरीण खाली बघून हसायची आणि मास्तर तिच्याकडे बघायचे. आज खाली बघून हसणारं कुणी नव्हतं.

"बारके," थोरली म्हणाली, "तुझे पेपर घरी दिलेत का गं?"

"दिलेत."

"आण बघू. आणि ते शर्ट ठेव खाली, ते काही पळून जात नाहीत."

"पळाले तर बरंच होईल," धाकटी पुटपुटली.

थोरली विम्याच्या कचेरीत अर्ज तपासायचं काम करायची. कुणी कुठे काय चुकवलंय, हे शोधण्यात तिची वीस वर्षं गेली होती. तिने पेपर हातात घेतले, कॉलरांचा गठ्ठा उचलून नवऱ्याच्या हातात दिला आणि पिंपावर टेकली. एकेक पेपर वाचत गेली. भूगोल, विज्ञान, भाषा, गणित. पुन्हा गणित. मग तिने बोट ठेवलं.

"बारके, हे त्रिकोणाचं सगळं बरोबर आहे. क्षेत्रफळ बरोबर. हे तुला कोणी शिकवलं?"

"बाईंनी. आणि ते कापडासारखंच असतं, काकू."

"आणि हे समीकरण?"

बारकी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली.

"इकडे बघा सगळे," थोरली म्हणाली. "हिने वीस चुका केलेल्या नाहीत. एकच चूक वीस वेळा केलीय. वजातून वजा गेलं की काय होतं, तेच हिला माहीत नाही. ते आलं की गाडी रुळावरून घसरली. प्रत्येक उदाहरणात तेच. बारके, हे वर्गात शिकवलं तेव्हा तू काय करत होतीस?"

"मी नव्हते."

"कुठे होतीस?"

"इथे." तिने गठ्ठ्यांमधल्या त्या फटीकडे बोट दाखवलं. "तो पहिला धडा आहे. तो पहिल्या दोन आठवड्यांत होतो. मी चौथ्या आठवड्यापासून जाते."

जुन्या गिऱ्हाइकांचे फाटलेले, वाढीव मापाचे, उशिरा सुचलेले गणवेश शाळा उघडल्यावरही तीन आठवडे येत राहायचे. त्यामुळे हंगाम संपेपर्यंत घरातली पोरं बटणांना बसायची. हे इतकं रोजचं होतं, की त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं. सगळ्या पोरांना पहिल्या दिवशी शाळेत जाता यावं म्हणून या घरची पोर घरी बसायची.

थोरलीने बाकीचे पेपर भराभर उलटले. "विज्ञान, पहिला प्रश्न कोरा. भूगोल, पहिला कोरा. भाषेत पहिल्या कवितेच्या ओळी नाहीत. अहो, हिला दर विषयाचं पहिलं पानच कुणी दाखवलेलं नाही. आणि तुम्ही डोक्याच्या गोष्टी करताय!"

धाकटा एकदम हसला. मोकळं, मोठ्याने.

"वहिनी, मलाही कधी पहिला धडा आला नाही हो! कुठल्याच इयत्तेत. मला वाटायचं पुस्तकं दुसऱ्या धड्यापासूनच सुरू होतात." मग हसू ओसरलं. "चौथ्या आठवड्यात वर्गात गेलं ना, की सगळी पोरं वेगळ्याच गावची वाटतात. त्यांच्यात काहीतरी ठरलेलं असतं आणि आपल्याला ते माहीत नसतं. बाईंना विचारावं तर त्या म्हणणार, हे झालंय, मागचं बघ. मागचं काय बघणार? म्हणून म्हणतो, पोरीला पुन्हा त्यात ढकलायचं नाही. एकदा माझं झालं तेवढं पुरे."

"मला यायचा," थोरला म्हणाला.

"काय?"

"पहिला धडा. मला यायचा." तो आठवत होता. त्याच्या कपाळाला आठी पडली होती. "मी पहिल्या दिवसापासून जायचो. पाचवीपासून. तेव्हा आईने बटणांना बाहेरची बाई लावली होती ना. आपण दोघंही सुटलो होतो तेव्हा. मग तू का नाही गेलास?"

धाकट्याने मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मास्तरांना कळला. सांगू नका, असं तो म्हणत होता. तीस वर्षं तो तेच म्हणत आला होता. मास्तरिणीने त्याला शपथ घातली होती आणि ती गेल्यावरही तो ती पाळत होता.

मास्तरांनी टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"बाई नव्हती," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बटणवाली बाई. ती कधी नव्हतीच. बाई ठेवायची आपली ऐपत होती का रे? तू पाचवीत गेलास तेव्हा तुझ्या गुरुजींनी तुझ्या आईला बोलावून सांगितलं, पोरगा हुशार आहे, पण महिना बुडवतो. ती घरी आली आणि म्हणाली, दोघांना पाठवणं जमणार नाही, पण एकाला तरी पहिल्या दिवसापासून जाऊ दे. तू मोठा, म्हणून तुझा नंबर पहिला. पुढच्या वर्षी धाकट्याला पाठवायचं ठरलं होतं."

"मग माझ्या वाटची बटणं—"

"निम्मी तिने लावली. पहाटे उठून." मास्तरांनी मान धाकट्याकडे वळवली. "निम्मी याने. स्वतःच्या वाटची लावून वर. नऊ वर्षांचा होता."

थोरल्याच्या हातात अजून कॉलरांचा गठ्ठा होता. तो त्याने छातीशी धरला होता.

"तुला कळलं असतं तर तू गेला नसतास," मास्तर म्हणाले. "म्हणून तिने बाई उभी केली. तू विचारायचास, कोण बाई? ती म्हणायची, तू शाळेत गेलास की येते. धाकटा मागून येतो म्हणून तुला पुढे धाडायची आणि तू परत यायच्या आत याच्यासमोरची बटणं उचलायची. पुढच्या वर्षी तू सहावीत, मग सातवीत. दर वर्षी तुझं वर्ष महत्त्वाचं. याचं पुढचं वर्ष काही आलंच नाही. सातवीत दोन विषय राहिले आणि आम्ही म्हटलं, याच्या हातात कला आहे." ते थांबले. हेच वाक्य आज पुन्हा या खोलीत बोललं गेलं होतं. "मीच म्हटलं. तिने नाही. ती दोन दिवस जेवली नव्हती."

"बाबा, जुनं कशाला उकरता," धाकटा म्हणाला. "कापडाला एकदा कात्री लागली की लागली."

"लागली. पण ज्याचं कापड कापलं त्याला मी कधी शब्दाने विचारलं नाही. तिने मरायच्या आधी मला सांगितलं होतं, एकदा तरी त्याला बोला. मला काही बोलायला येत नाही. हे घर तुझ्यामुळे वर आलं. तुझे उपकार आहेत माझ्यावर. झालं. बोललो."

धाकट्याने नाक पुसलं, बाहीनेच, आणि लगेच बाहीवर डाग पडला का ते बघितलं. शर्ट गिऱ्हाइकाचा नव्हता, त्याचाच होता.

"उपकार कसले," तो म्हणाला. "दादा शाळेतून आला की मला सगळं सांगायचा. त्या पृथ्वीच्या फिरण्याचं, राजांचं, बेडकाच्या पोटातलं. मी मांडी घालून ऐकायचो. मजा यायची. फक्त ते पेपरात लिहायला जमायचं नाही."

थोरला मागच्या खोलीत गेला. तिथे स्कर्टांचे गठ्ठे होते आणि उभं राहायलाही जागा नव्हती, म्हणून तो तसाच परत आला. रडायला आडोसा मिळेल असं ते घर कधीच नव्हतं. तो सगळ्यांसमोरच रडला. थोरलीने त्याच्या हातातून कॉलरा काढून घेतल्या, कारण त्या पांढऱ्या होत्या.

"मी समारंभात बोललो रे," तो म्हणाला. "पोरांसमोर. जिद्द असली की होतं म्हणालो. दोन-तीनशे पोरं बसली होती. त्यांच्यातही कुणाच्या घरी बटणं असतील."

"मग पुढच्या वेळी खरं सांग," थोरली म्हणाली. "टाळ्या कमी पडतील, पडू देत."

धाकटीने तेवढ्यात संधी साधली. ती या क्षणासाठीच जावेला बोलावून बसली होती. "म्हणजे नाव ठेवायचं ना?"

"नाव ठेवून काय होणार?" धाकटा म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता. "सोमवारी पाठवायची म्हणजे हिच्या वाटची बटणं कोण लावणार? आज, उद्या, परवा आणि पुढचे तीन आठवडे. आता आईही नाही."

सगळ्यांनी गठ्ठ्यांकडे पाहिलं. एका शर्टाला सात बटणं. हिशेब करायची कुणालाच हौस नव्हती.

थोरल्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं. शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि बारकीला म्हणाला, "सरक."

"काका, तुम्हाला येतं?"

"चौथीपर्यंत यायचं."

"भावजी, राहू द्या," धाकटी म्हणाली, पण तिने तोवर दुसरी सुई ओवलीही होती.

"रविवारपर्यंत आम्ही दोघं इथेच," थोरली म्हणाली. "मग पुढचे तीन आठवडे कचेरी सुटली की मी इथूनच जाईन. तुम्ही मला गणिताच्या बदल्यात बटणं शिकवा, मी पोरीला गणित शिकवते. बारके, ऊठ. पाटी-वही काहीतरी घेऊन पिंपापाशी ये. वजातून वजा."

बारकी उठली. उठताना तिने हातातला शर्ट काकांच्या मांडीवर ठेवला आणि चालू टाका कुठे आहे ते बोटाने दाखवलं.

थोरल्याने पहिलं बटण लावलं. धाकटा मशीन सोडून आला, बटणाला दोन बोटांनी धरून ओढलं. निघालं.

"परत."

"अरे, चांगलं घट्ट होतं!"

"घट्ट नको. मध्ये दोऱ्याचा देठ सोडायचा. मग त्याला चार वेढे. गाठ खालून. तू वरून मारतोयस."

दुसरंही निघालं. तिसऱ्याला धाकट्याने "हं" केलं. थोरला मोठा साहेब माणूस, पण त्या "हं"ने त्याचे कान लाल झाले. मास्तरांनी पुन्हा कात्री उचलली. दोन पोरं शेजारी-शेजारी, डोकी खाली घालून बसली होती. ती दोघं अशी एका गठ्ठ्यावर बसलेली मास्तरांनी शेवटची कधी पाहिली होती? थोरला चौथीत असताना. ते बघायला आणखी एक माणूस हवं होतं. तिला सांगायला हवं होतं, बोललो गं मी त्याला, एकदाचा. कापड डोळ्यांना नीट दिसेना, तेव्हा त्यांनी कात्री तशीच धरून ठेवली आणि थोडं थांबले. घाईत वाकडी गेलेली कात्री कुणी सरळ करू शकत नाही.

शनिवारी धाकटा शाळेत गेला. मुख्याध्यापिकाबाईंनी दाखल्याचा कागद काढूनच ठेवला होता. तो म्हणाला, "नाव राहू द्या."

"बरं. मग नेहमीप्रमाणे चौथ्या आठवड्यात?"

"सोमवारी," धाकटा म्हणाला. "घंटा व्हायच्या आधी."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि कागद परत खणात टाकला.

रविवारी संध्याकाळी माल वेळेवर गेला. बटणं सगळी होती. ती कशी होती, हे बुधवारपासून कळू लागलं.

पहिली एक आई आली, पोराचा शर्ट हातात घेऊन. "मास्तर, ही बटणं आहेत की पिकली पानं? वाऱ्याने गळताहेत!" मग दुसरी आली. गुरुवारी एक आजोबा आले, तेही संतापलेले. मास्तरांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात बटण तुटलं म्हणून शर्ट परत आला नव्हता. मास्तरीण असती तर तिने लाजेने दार लावून घेतलं असतं. मास्तरांनी मात्र प्रत्येकाला खुर्ची दिली, पाणी दिलं, समोर बसून बटण लावून दिलं आणि वर म्हणाले, "उपकार झाले, आणलंत ते." माणसं गोंधळून घरी गेली. म्हाताऱ्याचं बायको गेल्यापासून बिनसलंय, अशी गल्लीत चर्चाही झाली.

शुक्रवारी दुपारी बारकी शाळेतून आली. दप्तर न उतरवताच तिने कंपासपेटी उघडली आणि मास्तरांच्या टेबलावर पाच बटणं ओळीने मांडली.

"ही कुठली गं?"

"वर्गात सापडली. बाकांखाली. काकांची आहेत."

"कशावरून?"

"दोरा बघा ना आजोबा. गाठ वरून मारलीय."

मास्तरांनी एक बटण उचलून उजेडात धरलं. गाठ खरंच वरून होती. ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना टेबलाला धरावं लागलं.

"अजून पडतील," ते म्हणाले. "पडली की आणत जा."

"आणेन की," बारकी म्हणाली आणि दप्तर उतरवून पिंपाशी वही उघडून बसली. "उद्या पण आहे शाळा."